राधानगरी स्टँडवर थांबलेली डबल बेल

कंडक्टर दादा, नमस्कार.

गेल्या मंगळवारी कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून सुटलेल्या कणकवली गाडीत मी आणि माझी ७९ वर्षांची आई होतो. गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

आई प्रवासात पाणी पीत नाही. आदल्या रात्रीपासूनच बंद करते. ओठ सुकतात, पायात गोळे येतात, तरी नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका असाच प्रवास करतात. बाहेरचं काही दिसत नाही, पुढचा स्टँड किती लांब एवढंच डोक्यात. दोन वर्षांपूर्वी एका खासगी गाडीत आईनं तीनदा हात जोडले होते. "म्हाताऱ्यांनी घरात बसावं," म्हणत गाडी तशीच दामटली. त्या दिवशी तिचे जे हाल झाले ते मी लिहिणार नाही.

तुम्ही मात्र राधानगरी यायच्या आत आपणहून तिच्याजवळ वाकलात. तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालात, "आज्जी, स्टँडवर जाऊन या. पुढं घाट हाय. तुमी जाग्यावर बसल्याबिगर मी डबल बेल मारत न्हाई."

आई हळू चालते. मागं कुणीतरी कुरकुरलं. तुम्ही दारात उभे राहिलात, ती आल्यावर हात धरून वर घेतलंत, "सावकाश" म्हणालात. तेवढंच.

पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे. तेव्हापासून 'फुकटात आलीय' ही नजर आईनं पुष्कळदा सोसलीय. तुम्ही तिचं शून्य रुपयांचं तिकीटसुद्धा मानानं हातात दिलंत. अंगात माणुसकी असली की ती अशी तिकीट देण्यातही दिसते.

गाडी सुटली आणि आईनं माझ्याकडं बाटली मागितली. घाटाच्या आधी! अर्धी संपवली. मग दाजीपूरच्या जंगलात गवा दिसतो का बघत बसली. शाहू महाराजांच्या धरणाचे सात दरवाजे पाणी भरलं की आपोआप कसे उघडतात, ते मागच्या सीटवरच्या पोराला रंगवून सांगत होती. फोंडा येईपर्यंत तोंड मिटलं नाही. प्रवासात तिला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, दादा.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा मावशीकडं निघालीय. काल विचारत होती, "तेच कंडक्टर असतील का गं?"