'गेला' आणि 'गेला आहे'

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मस्कतच्या नोकरीसाठी तू इंग्रजीत लिहिलेला अर्ज वाचला. त्यावरच्या लाल खुणा बघून तू किती खचलास ते फोनवर तुझ्या आवाजातच कळलं. काम येत असूनही इंग्रजीपाशी अडायचं, याचा त्रास मी वर्गात रोज बघतो. म्हणून फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहितो आहे.

तुझ्या नऊ वाक्यांपैकी सहा वाक्यं 'आय हॅव'ने सुरू होतात. 'आय हॅव डन डिप्लोमा इन २००९.' 'आय हॅव जॉइन्ड फाउंड्री इन २०१०.' 'आय हॅव लेफ्ट द जॉब इन २०१७.' शाळेत आपल्याकडून कोष्टक पाठ करून घेतलं होतं: 'गेलो' म्हणजे साधा भूतकाळ, 'गेलो आहे' म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ. तू ते कोष्टक प्रामाणिकपणे वापरलंस, आणि तिथेच अडकलास. 'मी २००९ साली डिप्लोमा केला आहे' किंवा 'तो कालच गावाला गेला आहे' ही वाक्यं मराठीत अगदी बरोबर आहेत. आपल्या 'आहे'ला शेजारी 'काल' किंवा 'साली' चालतं. इंग्रजीतल्या 'हॅव'ला ते चालत नाही.

कारण 'हॅव' हे वर्तमानकाळाचं क्रियापद आहे. 'आय हॅव डन' म्हणताना बोलणारा आजमध्ये उभा असतो आणि मागे झालेल्या गोष्टीचं आज जे हाती आहे ते दाखवत असतो. 'इन २००९', 'यस्टरडे', 'टू इयर्स अगो' म्हटलं की तो आजमधून उठून त्या दिवसात जाऊन बसतो. एका वाक्यात दोन्हीकडे बसता येत नाही. म्हणून 'केव्हा?' या प्रश्नाचं उत्तर वाक्यातच असेल तर 'हॅव' काढून टाक: 'आय डिड माय डिप्लोमा इन २००९', 'आय जॉइन्ड', 'आय लेफ्ट'. प्रश्नालाही हेच लागू. 'व्हेन हॅव यू कम?' असं कोणी म्हणत नाही, 'व्हेन डिड यू कम?' म्हणतात.

आता उलट बाजू. 'आय हॅव लॉस्ट माय की' असं माणूस कुलपासमोर उभा राहून म्हणतो. किल्ली अजून सापडलेली नाही आणि दार बंद आहे. 'आय लॉस्ट माय की' ही नुसती घडलेली गोष्ट झाली. किल्ली पुढे सापडली की नाही, ते त्या वाक्यातून कळत नाही.

वेळेचा तुकडा संपला की नाही, हेही बघावं लागतं. सकाळी दहा वाजता 'धिस मॉर्निंग' अजून चालू असते, म्हणून 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग'. दुपारी चारला तेच सांगायचं तर 'आय हॅड'. चहा तोच, कप तेवढेच, फक्त सकाळ संपली.

तुझ्या मागच्या मुलाखतीत जे झालं तेही याच्याशीच जोडलेलं आहे. तू म्हणालास, 'आय वर्क हिअर सिन्स सेव्हन इयर्स.' आपण 'सात वर्षांपासून इथे काम करतो' म्हणतो, म्हणजे मराठीत तिथे साधा वर्तमानकाळ आहे. शिवाय 'पासून' हा एकच शब्द आपण 'सात वर्षांपासून' आणि '२०१७ पासून' अशा दोन्ही ठिकाणी लावतो. इंग्रजीत सुरुवात सांगायला 'सिन्स' आणि मुदत सांगायला 'फॉर'. म्हणून 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर सेव्हन इयर्स' किंवा 'सिन्स २०१७'. इथे मात्र 'हॅव' गाळू नकोस. नुसतं 'आय वर्क्ड हिअर फॉर सेव्हन इयर्स' म्हटलंस तर ऐकणाऱ्याला वाटेल तू नोकरी सोडलीस.

एक गोष्ट मला फार आवडते, ती तुला सांगायचीच आहे. जुन्या इंग्रजीत हा काळ 'माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेलं' अशा घडणीतून आला, आणि 'लिहिलेलं' हे रूप तेव्हा पत्राप्रमाणे बदलू शकत असे. आपल्याकडे 'मी पत्र लिहिलं आहे', 'मी चिठ्ठी लिहिली आहे' यात क्रियापद आजही कर्माकडेच बघतं. इंग्रजीतून ते कधीच गेलं, आपल्याकडे टिकलं. त्यामुळे हा काळ आपल्याला परका आहे असं मी वर्गात कधीच सांगत नाही.

मस्कतच्या जागेसाठी तुला आणखी एक जोडी लागेल. 'ही हॅज गॉन टू मस्कत' म्हणजे तो गेला आहे, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू मस्कत' म्हणजे जाऊन आला आहे. आपलं 'जाऊन आलेला' डोक्यात ठेवलंस की 'बीन' आपोआप येईल.

तुझा न्यू जर्सीचा भाचा 'डिड यू ईट यट?' म्हणतो म्हणून तू गोंधळलास. तो चुकत नाही. अमेरिकेत 'जस्ट', 'ऑलरेडी', 'यट' यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो, ब्रिटिश वळणात 'हॅव यू ईटन यट?' म्हणतात. पण 'यस्टरडे'बरोबर 'हॅव' दोन्हीकडे चालत नाही.

हा फरक मला खरा कळला तो ६ फेब्रुवारी २०२२ ला. लताबाई गेल्या त्या दिवशी मी मुलांसाठी त्यांच्यावर चार ओळी लिहायला बसलो. 'शी हॅज संग' लिहिलं आणि हात थांबला. आदल्या दिवशीपर्यंत ते वाक्य बरोबर होतं. आता 'शी सँग' लिहायला हवं होतं, कारण 'हॅज' म्हणायला माणूस आजमध्ये असावा लागतो. तो 'हॅज' खोडताना मला रडू आलं. खालच्या ओळीत मी लिहिलं, 'हर साँग्ज हॅव कम्फर्टेड अस ऑल.' तिथला 'हॅव' तसाच राहिला, गाणी आहेत म्हणून.

अर्ज परत लिही, पण माझी वाक्यं उतरवून काढू नकोस. प्रत्येक वाक्यापाशी थांबून स्वतःला विचार: मी तारीख सांगतोय, की आज माझ्याजवळ काय आहे ते सांगतोय? शेवटचं वाक्य, 'आय हॅव ट्रेन्ड ट्वेल्व्ह ऑपरेटर्स', याच्यावरही लाल खूण आहे, पण ते तू बरोबर लिहिलं आहेस. तिथे तारीख नाही आणि ते कसब आजही तुझ्या हातात आहे. ते बदलू नकोस, उलट सगळ्यात वर घे.

गुरुवारपर्यंत पाठव, रात्री बघून ठेवतो. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र