बिजलीचे पट्टेवाले भाऊबंद

नैरोबी,
रविवार, 17 ऑगस्ट 2025

ती. आप्पांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आई, हे पत्र आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेत, त्यांच्या हातात फोन देऊ नकोस. आणि मधलं काही गाळू नकोस. सगळं त्यांच्यासाठीच लिहिलंय.

आप्पा, काल मी झेब्रे बघितले. दिवसभर तेच बघितले म्हणा ना.

ऑफिसातल्या चौघीजणी मिळून गाडी केली होती, छत वर उचलता येतं तसली. पहाटे साडेपाचला निघालो. ऑगस्टात इथे चांगली थंडी असते. विषुववृत्त दीडशे किलोमीटरवर आणि मी आजीनं विणलेला स्वेटर घालून! नैरोबी जवळजवळ सहा हजार फुटांवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच. सहाला लांगाटा रोडवरचं फाटक उघडलं आणि आत गेलो. शहराला अगदी लागून असलेलं हे नॅशनल पार्क 1946 साली झालं, केनियातलं पहिलं. 117 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईत बोरिवलीचं आहे साधारण तेवढंच. पण तिथे दाट झाडी आणि इथे बहुतेक उघडा माळ. जतकडचा माळ डोळ्यांपुढे आणा, त्यावर गुडघाभर वाळकं गवत, मध्येमध्ये बाभळीच्या जातीची झाडं, आणि पाठीमागे शहराच्या उंच इमारती.

बाकीच्या तिघींना सिंह हवा होता. तो मिळाला, झुडपाखाली झोपलेल्या सिंहिणीचे दोन कान दिसले. तिथे अर्धा तास गेला. मी मात्र ड्रायव्हरदादांना आधीच सांगून ठेवलं होतं, माझे आजोबा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे, मला घोड्याच्या नात्यातलं जनावर नीट बघायचंय. ते मनापासून हसले आणि म्हणाले, मग आपण पुंडा मिलियाकडेच जाऊ. स्वाहिलीत झेब्र्याला पुंडा मिलिया म्हणतात. पुंडा म्हणजे गाढव, मिलिया म्हणजे पट्टे.

लांबून पट्टे दिसतच नाहीत. करडी घोडी चरताहेत असं वाटतं. गाडी जवळ गेली तसे पट्टे एकदम उमटून आले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. आठ-दहा पावलांवर उभे होते, आप्पा. एकानं मान वर केली, गाडीकडे बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

तुम्ही नवं जनावर बघताना आधी पाय बघायचात, मग छाती, मग दात. मीही त्याच क्रमानं बघायला लागले. पट्टे पार खुरापर्यंत उतरलेले. खूर अरुंद, गाढवाच्या वळणाचे. उंची तुमच्या टांग्याच्या बिजली घोडीपेक्षा कमी, पण मान आखूड आणि भरीव. आयाळ खाली पडत नाही, नुकती कातरल्यासारखी ताठ उभी राहते आणि मानेवरचे पट्टे तसेच आयाळीत चढलेले असतात. शेपटी घोड्याची नाही, गाईसारखी, टोकाला गोंडा. पोट एकेकाचं असं टम्म, की मला वाटलं सगळ्या गाभणच आहेत. ड्रायव्हरदादा म्हणाले, नाही, यांचं पोट बारा महिने असंच. कारण तुम्हाला ठाऊक आहे. घोड्यासारखाच हाही रवंथ करत नाही. भराभर खायचं, आतून पुढे ढकलायचं, परत खायचं. बैलाला वर पुढचे दात नसतात, याला वरखाली दोन्हीकडे असतात. त्यामुळे गवताचे वरचे राठ, जून शेंडे हा कचाकच तोडतो. मग खालचा कोवळा पाला मोकळा होतो आणि विल्डबीस्ट नावाचं गुरासारखं जनावर मागून येऊन तो खातं. म्हणून दोघं बरोबर चरताना दिसतात.

पाठ, पोट, मान बघून झाली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हा नुसता कळप नाही. एक नर, चार माद्या आणि दोन शिंगरं, हे एक कुटुंब होतं. पलीकडे दुसरं, त्याच्या पलीकडे तिसरं. पाण्याकडे निघाले तशी एक वयस्कर मादी पुढे झाली, बाकीच्या तिच्यामागे एका रांगेत, प्रत्येकीच्या मागोमाग तिचं शिंगरू. नर सगळ्यांत शेवटी, मागे बघत बघत. पुढच्या मादीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लांब चार वण होते, पट्टे तिथे तुटून वेडेवाकडे जुळलेले. सिंहाचा पंजा, असं ड्रायव्हरदादा म्हणाले. तिच्याकडे मी किती तरी वेळ बघत होते. तरीसुद्धा तीच सगळ्यांच्या पुढे चालत होती.

दोन शिंगरांतलं एक अगदी लहान होतं. त्याचे पट्टे काळे नव्हते, तपकिरी आणि लोकरीसारखे पिंजलेले. पाय मात्र जवळजवळ आईएवढे लांब. जन्मल्यावर तासाभरात ते धावू लागतं. पहिले काही दिवस आई दुसऱ्या कुणाला, अगदी त्याच कुटुंबातल्या माद्यांनाही, जवळ फिरकू देत नाही. पिल्लानं आधी तिचे पट्टे, तिचा वास, तिचा आवाज ओळखायला शिकायचं असतं. दोन झेब्र्यांचे पट्टे कधीच सारखे नसतात. बिजलीही व्यायल्यावर तुमच्याशिवाय कुणाला तबेल्यात येऊ देत नव्हती, बाबांना तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. मी सात वर्षांची होते. तुमच्या खांद्यावरून बघितलेलं ते ओलं शिंगरू मला काल जसंच्या तसं दिसलं.

आवाज मात्र घोड्याचा नाही. खिंकाळत नाहीत, भुंकल्यासारखं ओरडतात. क्वा-हा, क्वा-हा.

दुपारी डबे खायला बसलो तेव्हा ड्रायव्हरदादांना विचारलं, याला कुणी गाडीला जुंपलंय का कधी? ते म्हणाले, चावला की सोडत नाही, दोर टाकला की मान चुकवतो, लाथ तर विचारू नका. पण मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी उठून उभीच राहिले. याच नैरोबीत एक डॉक्टर झेब्र्यावर बसून रोगी बघायला जायचे, आणि ते आपल्या गोव्याचे! डॉ. रोझेंदो रिबेरो. 1900 साली इथे आले, तेव्हा नैरोबी म्हणजे रेल्वेच्या डेपोभोवती वसलेलं तंबू आणि पत्र्यांचं गाव. 1902 मध्ये इथल्या इंडियन बझारात प्लेग शिरला, तो त्यांनी ओळखला. घरी आल्यावर मी त्यांचा फोटो शोधून काढला. झेब्र्यावर खोगीर, लगाम सगळं आहे आणि डॉक्टर ऐटीत बसलेत. आईच्या फोनवर पाठवलाय. डोळा बरा झाला की लगाम कसा बांधलाय ते बघा आणि मला सांगा. तुम्हाला एका नजरेत कळेल.

आता पट्ट्यांचं. इतके ठसठशीत पट्टे कशासाठी, यावर लोकांनी खूप डोकं चालवलंय, पण सगळ्यांत पटणारं उत्तर तुमच्या रोजच्या कामातलं आहे. गोमाश्या! तुम्ही बिजलीसाठी संध्याकाळी कडुनिंबाचा पाला जाळायचात, पाठीवर गोणपाट टाकायचात, आणि तरी तिच्या पोटाला रक्ताचे ठिपके दिसायचे. इंग्लंडमध्ये काहींनी झेब्रे आणि घोडे शेजारी ठेवून बघितलं. माश्या दोघांच्याही जवळ सारख्याच येत होत्या, पण झेब्र्यावर बसताना त्यांचा वेग कमी होत नव्हता, त्या अंगावर आपटून किंवा बाजूनं निघून जात होत्या. मग घोड्यांना पट्ट्यांची झूल घातली, तर झूल होती तिथे माश्या क्वचितच बसल्या, उघड्या डोक्यावर मात्र नेहमीसारख्याच. हे 2019 साली छापून आलं. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंना पांढरे पट्टे रंगवले, तर माश्यांचं चावणं जवळजवळ निम्म्यावर आलं. हे वाचताना मला सारखा तुमचा हात आठवत होता, बिजलीच्या पोटाखालून फिरणारा.

एका गोष्टीनं मात्र जीव खालीवर झाला. पार्कला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू उघडी. तिथे म्बागाथी नदी आणि पलीकडे मसाई लोकांची कुरणं. पावसाळ्यात झेब्रे नदी ओलांडून तिकडे चरायला जातात, कोरड्या दिवसांत पाण्यासाठी परत येतात. म्हणूनच काल एवढे दिसले. पण पलीकडे आता घरं उठताहेत, तारा लागताहेत. जमीनमालकांनी कुंपण घालू नये म्हणून त्यांना वर्षाचं भाडं द्यायची योजना 2000 साली सुरू झाली, पण वाट अरुंदच होत चाललीय. पार्कावरून उंच खांबांवर रेल्वेही नेलीय. गाडी धडधडत गेली तेव्हा तिच्या खाली झेब्रे चरत होते, कुणी कानही हलवला नाही. मिरज स्टेशनात मेल शिरताना बिजली अशीच उभी असायची.

संध्याकाळी निघताना ते कुटुंब पुन्हा दिसलं. दोन माद्या एकमेकींच्या पाठीवर मान टाकून उलटसुलट उभ्या होत्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. विसावाही होतो आणि दोन्हीकडचं दिसतंही. लहान शिंगरू दोघींच्या मध्ये.

आप्पा, बिजलीचं शिंगरू पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा किती वाजले होते? मला पहाट आठवते, बाबा म्हणतात मध्यरात्र होती. आईला सांगून तेवढं लिहून पाठवा. आणि थेंब वेळेवर घालून घ्या.

आजीला नमस्कार.

तुमची,
छकुली