दिवाळीला येत नाही, म्हणून हे पत्र

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायचं म्हणून चार वेळा सुरुवात केली, आणि दर वेळी आईने फराळाचा विषय काढला की माझी जीभ रेटेना. म्हणून लिहिते. यंदा दिवाळीला मी येत नाहीये. रजा मिळाली आहे, पण ती आम्ही तिघं इथेच घालवतोय. ह्यूस्टनपासून साडेतीन-चार तासांवर पोर्ट अरॅन्सस आहे, तिथे सहा दिवस. तिथल्या घराच्या भाड्याचे पैसेही भरून झालेत.

आई, पुढचं वाचून लगेच कागद बाबांच्या हातात देऊ नकोस. आम्ही तिथे खाडीत कयाक वल्हवणार आहोत आणि गळ टाकणार आहोत.

खाडीने नेलेले अण्णाकाका माझ्या डोळ्यांपुढून कधीच गेले नाहीत. तू ओटीवरही खाडीकडे पाठ करून बसतेस, ते मी लहानपणापासून बघतेय. म्हणून तर ही जागा निवडायला मी दोन महिने घेतले. उघडा समुद्र नाही. मधे बेटं आहेत, त्यांच्या आड तिवरांमधून फिरणारं पाणी, बऱ्याच ठिकाणी गुडघ्याएवढं. लाइफ जॅकेट तिघांच्या अंगावर, उतरेपर्यंत काढायचं नाही. तुझा नातू वडिलांच्याच कयाकमध्ये पुढे बसेल. सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी असतो. वारा वाढला तर त्या दिवशी जायचंच नाही, हे आमचं ठरलेलं आहे.

बाबा, तुम्हाला मात्र सगळं सविस्तर सांगायचंय. इथला रेडफिश म्हणजे आपल्या घोळीचा भाऊबंद, एकाच कुळातला. तांबूस, आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका, बाळाला तीट लावावी तसा. उथळ पाण्यात डोकं खाली घालून तो खेकडे शोधतो, तेव्हा शेपूट पाण्याबाहेर हलत असते. ती दिसेपर्यंत गप्प उभं राहायचं. फ्लाय फिशिंगला आमिष नसतं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी कोळंबी करतात. तिला वजनच नाही, म्हणून वजन दोरीत असतं, आणि ती दोरी मागे-पुढे झुलवत फेकायची. मी सहा महिने मागच्या हिरवळीवर सराव करतेय. हात मागे थांबवायचा क्षण चुकला की दोरी पायाशी गोळा होते. तुम्ही पाग फेकायला शिकवताना माझं मनगट धरून म्हणायचात ना, "घाई नको, जाळं उघडू दे"? तेच इथेही लागतं.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा तुमचा हिशेब मात्र इथे लागत नाही. भरती बहुतेक दिवसांतून एकदाच, तीही फूट-दीड फुटाची. वाराच पाणी आत लोटतो नाहीतर बाहेर काढतो. शेपटीच्या काट्याने डंख मारणारी पाकटं इथेही आहेत, म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत न्यायचा, म्हणजे ती आधीच सरकतात. कालवांच्या खडकांसाठी जाड तळव्याचे बूट घेतलेत. २० इंचांपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही, आणि आम्ही मोठेही सोडूनच देणार आहोत. (आई, तुला हे आवडेल.) पलीकडे १८५७ सालचं दीपगृह आहे. गाडीसकट पोर्ट अरॅन्ससला न्यायला दाभोळ-धोपाव्यासारखी फेरीबोट आहे, चोवीस तास आणि फुकट.

ऑक्टोबरच का? कारण उन्हाची काहिली उतरते, वादळांचा जोर ओसरतो, आणि ऑक्टोबरअखेर हूपिंग क्रेन नावाचे पाच फुटी पांढरे क्रौंच कॅनडातून यायला लागतात. १९४१ साली त्या थव्यात जेमतेम १५ पक्षी उरले होते, आज पाचशेच्या वर आहेत. मला ते नातवाला दाखवायचेत. शिवाय दिवाळीची तिकिटं... जाऊ दे. खरं कारण एवढंच, की तुमचे जावई रात्री अकरापर्यंत लॅपटॉपसमोर असतात आणि गेल्या वर्षभरात आम्ही तिघं एका ताटावर क्वचितच बसलोय.

खाण्याची काळजी नको. घराला स्वयंपाकघर आहे. कुकर, तांदूळ, तुझं मेतकूट, आमसुलं सगळं नेतेय. लक्ष्मीपूजन तिथेच करू, तुझी ती छोटी समई घेऊन. मार्चमध्ये मात्र नातवाला घेऊन येतेच, तिकीट काढलंय. शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा ओटी भरायला मी असेन.

आता नीट ऐका. आकाशकंदील लावायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मारायची. आईने चकल्यांसाठी दोन तास उभं राहायचं नाही, चिवडा आणि लाडू पुरे, बाकीचं विकत आणा. साखरेची तपासणी दिवाळीआधी करायची, नंतर नाही. पाखाडीवर अजून शेवाळ असेल, काठीशिवाय उतरू नका. आणि बाबा, खाडीवर एकट्याने जायचं नाही. मी तिकडे असताना तुम्ही इकडे एकटे धक्क्यावर, हे मला चालणार नाही.

आई, रागावली असशील तर रागव, पण जेव. मी रोज रात्री साडेआठला फोन करीन. तेव्हा तुमच्याकडे सकाळचे सात वाजलेले असतील, बाबांच्या दुसऱ्या चहाची वेळ. पाण्यावरून परत आलो हे आधी तुला सांगीन, मासा मिळाला की नाही ते बाबांना नंतर.

तुमची,
मनी