पगारातली दोनशेची कपात

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेच्या दुपारी जेवताना तू जे बोललास ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून पत्र लिहितोय. फोनवर आपल्या दोघांचा आवाज लगेच चढतो आणि बोलायचं ते राहून जातं. ‘आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी लाडक्या बहिणीचे महिन्याला पंधराशे घेऊन घरी बसून खायचं,’ असं तू म्हणालास. तू दाराकडं पाठ करून बसला होतास. शेजारची काकू विरजणाचं भांडं परत द्यायला आली होती. तिनं ते उंबऱ्याजवळ ठेवलं आणि आईनं फराळाचं ताट आणेपर्यंत ती निघूनही गेली.

काकू घरी बसत नाही, हे तुला माहीत आहे. बारा महिने लोकांच्या रानात खुरपायला जाते, छाटणी झाली की बागेतल्या काट्या वेचते. त्या पंधराशेतून तिच्या बीपीच्या गोळ्या येतात. आधी ती गोळी एक दिवसाआड घ्यायची. हे तिनं फक्त तुझ्या आईला सांगितलं होतं. तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगितलं.

तुझ्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल, फेब्रुवारीत ३००. तो कर राज्यानं १९७५ साली बसवला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि दुष्काळी भागातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं. कल्पना वि. स. पाग्यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ती आधी करून पाहिली होती. १९७७ ला त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारभत्ता, हे सरकारनं कायद्यात लिहून दिलं.

तुझी आजी त्याच्याही आधीपासून अशा कामावर होती. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरं विकून झाली होती. आजी सांगोल्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळून बसायची, तरी संध्याकाळी हात रक्ताळलेले असत. मुकादम हजेरीच्या मस्टरवर नाव बघायचा, ती अंगठा उठवायची. कामावर सुकडी मिळायची, ती स्वतः खायची नाही, पदरात बांधून आम्हा भावंडांना आणायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळे. त्याची भाकरी तव्यावरच मोडायची, पण तीच खाऊन आम्ही जगलो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. आजीला त्याची कधी लाज वाटली नाही. आपल्यावर कुणी उपकार केले असंही ती म्हणाली नाही, आणि आपलं वाटोळं झालं असंही नाही. ‘खडी मोजून दिली, पैसे मोजून घेतले,’ एवढंच म्हणायची.

आता बागेचं ऐक, कारण तू ती जन्मल्यापासून बघतोस आणि आपली मेहनत म्हणतोस. मेहनत आहेच. पण १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली नसती, तर या माळावर हुलगे आणि मटकीच पिकली असती. रोपांना, खताला अनुदान होतं. आपल्याच रानात खड्डे घ्यायचे आणि त्याची मजुरी योजनेतून मिळायची. पहिले दोन उन्हाळे तुझ्या आईनं नि मी घागरीनं पाणी घालून रोपं जगवली. सांगोल्याचं डाळिंब आज परदेशात जातं, त्यातल्या कितीतरी बागा अशाच उभ्या राहिल्या. तुझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपण तहसीलच्या रांगेत दोन दिवस उभे होतो, आठवतं? शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतून तुझी निम्मी शिक्षण फी भरली गेली. तेव्हा तू कुणाच्या टॅक्सवर शिकत होतास, असं तुला कुणी विचारलं नाही.

आणि मी काय शहाणा होतो असं नाही. २०१७ च्या कर्जमाफीच्या आधी मी आईची पाटली मोडून सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता भरला होता. ज्यांनी भरला नव्हता त्यांचं दीड लाखापर्यंत माफ झालं. नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त २५,००० प्रोत्साहन. मला अन्याय वाटला, आणि तो अन्याय होता असं मी आजही म्हणेन. पण पुढची दोन वर्षं मी पारावर बसून तेच एक दळण दळत राहिलो. त्याच काळात डाळिंबावर तेल्या रोग आला. रोगट फांद्या वेळेवर कापायच्या, जाळायच्या, फवारणी धरायची, हे सगळं मला येत होतं. मी उठलो नाही. ‘प्रामाणिक माणसाचं इथं काही खरं नाही’ म्हणत बसलो. शेवटी तुझ्या आईनं कात्री घेतली. निम्मी बाग गेली होती.

भाऊबिजेला तुझ्या बोलण्यात मला माझा तोच सूर ऐकू आला. म्हणून राग आला नाही, भीती वाटली. तुझा पगार माझ्या बागेच्या वर्षभराच्या विक्रीपेक्षा जास्त आहे, आणि तरी तुला वाटतं की लुबाडला जातोयस तो तूच.

लाडकी बहीण योजनेबद्दल माझंही भांडण आहे. पैसे २०२४ च्या जुलैपासून, निवडणूक नोव्हेंबरात. निवडणूक झाली आणि मग पडताळणी सुरू होऊन नावं गळायला लागली. रोजगार हमीत आजी हक्कानं काम मागू शकत होती, इथं काकूला भाऊ ओवाळणी घालतो. भावाच्या मनात आलं तर घालेल, नाहीतर नाही. तिला औषध सरकारी दवाखान्यात वेळेवर मिळावं, मजुरी पुरेशी मिळावी, यासाठी तू वाद घातलास तर मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण वाद सरकारशी घाल. विरजणाचं भांडं घेऊन दारात आलेल्या बाईशी नको.

तिची या योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाईन ओळख पडताळणी, अडकली आहे. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला, आणि तिचे दोघंही हयात नाहीत. सेंटरवर दोन खेपा झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. तुला त्या मोबाईलवरचं सगळं कळतं. पुढच्या शनिवारी ये. फराळाचं ताट आईनं पुन्हा भरून ठेवलंय. ते तू घेऊन जा, तिच्याशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव, आणि मग तिचा फोन घेऊन बस.

येताना कटरची नवी पाती आण, इथं मिळतात ती आठवड्यात बोथट होतात. बाग यंदा बरी आहे.

तुझे,
आप्पा