मास्तरांची सात सेकंदे

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांची उत्तरे माझ्याकडे थकली आहेत आणि वहिनींच्या शस्त्रक्रियेनंतर मी एकदाही चौकशी केली नाही, याची लाज वाटते. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे. तब्येतीचे एवढे पुरे. आज लिहायला बसलो आहे तो त्या कॅसेटपायी. कोणती, हे तुला सांगायला नको.

निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून मी गाण्याबजावण्याचे एक संकलन जुळवत होतो. जुळवतो संगणकावरच, पण हिशोब आपल्या जुन्या ९० मिनिटांच्या कॅसेटचा ठेवला आहे : ४५ मिनिटांच्या दोन बाजू, आणि बाजू संपताना गाणे तुटता कामा नये. कल्पना एकच : भाता. ज्या वाद्याला माणसाच्या हाताने किंवा पायाने श्वास घ्यावा लागतो तेवढेच घ्यायचे, मग ते कोणत्याही मुलखातले असो, आणि शक्यतो तो श्वास ऐकूही आला पाहिजे. लाओसचा खेन मला फार आवडतो, त्यात पेटीसारखेच सूर, म्हणजे थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, असतात, पण तो तोंडाने फुंकतात. 'मग बासरीने काय घोडे मारले?' असे तू म्हणाला असतास. म्हणून तो वगळला. बघ, तू बडोद्यात बसूनही माझ्या याद्यांमध्ये ढवळाढवळ करतोसच.

पहिल्या बाजूला अर्जेंटिनाच्या पियाझोलाचा बँडोनियन आहे, अकॉर्डियनच्याच जातीचा. ते वाद्य मूळचे जर्मन, पण स्थलांतरितांबरोबर ब्वेनोस आयरेसला गेले आणि तिथलेच होऊन बसले. अगदी आपल्या पेटीसारखे. पॅरिसच्या दबँने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले तेव्हा तिच्याशिवाय आपले भजन उभे राहणार नाही, असे त्याला कोणी सांगितले असते तर त्याने वेड्यात काढले असते. पियाझोलाच्या मागोमाग कव्वाली, मग लुइझियानाच्या क्लिफ्टन शेनियेचा अकॉर्डियन, आणि त्याला लागून आपल्या पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स. हे दोघे शेजारी इतके शोभतात की मी ती जागा चार वेळा नुसती ऐकत बसलो. दुसऱ्या बाजूला काळोख आहे. जर्मन गायिका निकोने १९६८ मध्ये गिटारवाल्यांच्या जमान्यात हार्मोनियम पुढ्यात घेऊन जे गायले, ते ऐकून सौ. दाराशी येऊन विचारून गेली की कोणी गेले आहे का. शेवटी अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस. अमेरिकेत फोर्ट वर्डेन येथे जमिनीखाली पाण्याची एक प्रचंड रिकामी टाकी आहे. तिथे एक आवाज काढला की तो विरायला ४५ सेकंद लागतात. १९८८ साली ही बाई अकॉर्डियन घेऊन, सोबत दोघा साथीदारांना नेऊन, त्या टाकीत उतरली.

हे सगळे जमले, पण सुरुवात जमेना. एखाद्या गाण्याने आरंभ केला की कल्पना झाकली जाई. मला नुसता भाता हवा होता. तेव्हा मास्तरांच्या कॅसेटची आठवण झाली. ८९ सालच्या गुरुपौर्णिमेला तुझ्याच टेपरेकॉर्डरवर आपण त्यांची पेटी भरून घेतली होती आणि दिवाळीनंतर पाहतो तो तिच्यावर 'आपली आवड'मधली गाणी. यंत्र तुझे, म्हणून चोर तू, असा निकाल मी तिथल्या तिथे दिला. पुढे दीड वर्ष आपण बोललो नाही, त्यातच मास्तर गेले, आणि त्यांच्या दहाव्याला आपण दोघे घाटावर दोन टोकांना उभे होतो.

ती कॅसेट मी रागाने कधी पुन्हा लावलीच नव्हती. परवा लावली. सुरुवातीची सात सेकंदे पुसली गेलेली नाहीत. कडी निघाल्याचा आवाज, भात्याचे तीन झोके, मग षड्ज लागतो आणि लागतानाच कापला जातो. पुढे रेडिओ. आणि रेडिओवरच्या निवेदिकेच्या वर, अगदी जवळून, माझ्या आईचा आवाज : 'अरे, ते राहू दे आता, आधी दूध उतरव.'

मधू, आमच्या रेडिओसमोर तुझा टेपरेकॉर्डर ठेवून कोण बसले असेल? त्या दिवाळीत तू तो आमच्याकडेच ठेवून मामाच्या गावाला गेला होतास. कॅसेट उलटी करून पाहिली. पुसली जाऊ नये म्हणून तू मागची खिट्टी मोडली होतीस. ते भोक दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीने बुजवले आहे. कंपाउंडरचा मुलगा आपल्यात कोण होता ते तुला माहीत आहे. मला मात्र यातले काहीही आठवत नाही. खोटे बोललो असतो तर निदान आठवले तरी असते. (वालाच्या उसळीबद्दल मी तुझ्यावर घेतलेला आळ अजून कायम आहे, तो पुराव्यानिशी होता.)

माफी मागतो म्हणावे तर ते या वयात नाटकी दिसते, आणि दीड वर्षाचे काय करायचे ते मला कळत नाही. सध्या अडलो आहे तो त्या सात सेकंदांपाशी. ती आरंभी ठेवली तर माझ्याच चुकीची मी सजावट केली असे होते. काढली तर मास्तर दुसऱ्यांदा पुसले जातात. टाकीतल्या त्या ४५ सेकंदांच्या घुमाऱ्यानंतर अगदी शेवटी ठेवून पाहिली, तर आईच्या हाकेशिवाय ती अर्धवट वाटतात, आणि हाक ठेवली तर सौ. विचारते, यात भाता कुठे आहे.

शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. तो षड्ज ना काळी दोन, ना पांढरी तीन, असा मधेच कुठेतरी पडतो. एक तर फीत ढिली पडली आहे किंवा माझे यंत्र वेगाने चालते आहे. मूळ पट्टी कळल्याशिवाय पुढचा तुकडा त्याला जोडता येणार नाही. त्या पेटीला मास्तरांनी पालीताण्याचे सूर बसवून घेतले तेव्हा दुकानात तू त्यांच्याबरोबर होतास, मी नव्हतो.

चिरंजिवांच्या नव्या नोकरीचे कळले, आनंद झाला. वहिनींना जिने चढू देऊ नकोस. आणि उलट टपाली एवढेच कळव : मास्तर काळी दोनमध्ये वाजवत की पांढरी तीनमध्ये?

तुझा,
बाळ