शेवटच्या घडीला कलमा कानी पडू द्या

संपादक महोदय,

अतिदक्षता विभागात अखेरच्या घटका मोजणाऱ्या मुस्लिम रुग्णापाशी घरच्या एका माणसाला कलमा म्हणायला दोन-चार मिनिटं उभं राहू द्यावं, एवढ्या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी मूळची खेड तालुक्यातली. नोकरीची बहुतेक वर्षं मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेली, त्यातली बरीच आयसीयूत. आता निवृत्त आहे. नोकरीत असताना जे वरिष्ठांना तोंडी सांगत आले, ते आता लिहून सांगते.

‘ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह.’ अल्लाहखेरीज कुणीही उपासनेस पात्र नाही आणि मुहम्मद (स.) अल्लाहचे प्रेषित आहेत. हाच कलमा. मुसलमान असणं या एका वाक्यावर उभं आहे. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी पहिला हाच. नमाज, जकात, रोजा, हज त्यानंतर. आमच्याकडे मूल जन्मलं की घरातलं वडीलधारं माणूस त्याच्या उजव्या कानात अजान देतं, त्या अजानमध्ये ही साक्ष असते. मकतबात, म्हणजे लहान मुलांच्या धार्मिक शाळेत, जाणारं पोर अलिफ-बेबरोबर कलमे पाठ करतं. नमाजमध्ये बसून अत्तहियात ही प्रार्थना पढताना याच शब्दांपाशी तर्जनी वर उठते. शिया मंडळी पुढे हजरत अलींचं नाव जोडतात, पण हे दोन भाग सगळ्यांचे एकच.

जातानाही हेच शब्द ओठांवर असावेत, अशी आम्हा सर्वांची इच्छा असते. ज्याचे अखेरचे शब्द ‘ला इलाहा इल्लल्लाह’ असतील तो जन्नतमध्ये जाईल, अशी हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. म्हणून मय्यतीच्या घरी आलेल्या बायका रडणं आवरलं की आधी विचारतात, ‘कलमा नसीब हुआ ना?’ माणूस घरी गेला असेल तर कुणीतरी सांगू शकतं. आयसीयूत गेलेल्याबद्दल सांगणार कोण? घशात नळी, दाराशी सुरक्षारक्षक, भेटीची वेळ ठरलेली. एक तरुण काचेबाहेर उभा राहून आईसाठी कलमा पढत होता. आवाज नको म्हणून त्याला जिन्याकडे पाठवलं गेलं. पुढे औषधाची चिठ्ठी हातात पडली आणि आई गेली तेव्हा तो खाली औषधांच्या रांगेत होता. त्याला वर बोलावून बातमी मीच दिली. त्यानं मला तोच प्रश्न विचारला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांना वाटतं की एकाला आत सोडलं तर दहाजण येतील, मोठमोठ्यानं पठण होईल, शेजारच्या रुग्णाला त्रास होईल. ही काळजी खोटी नाही, मी ती गर्दी पाहिली आहे. पण आमच्या धर्मातच याची रीत सांगितली आहे. मरणाऱ्याला कलम्याची आठवण करून देण्याला तल्कीन म्हणतात. तसा आदेश ‘सहीह मुस्लिम’ या हदीस-संग्रहात आहे. तल्कीन म्हणजे ‘म्हण, म्हण’ असा धोशा लावणं नव्हे. शेजारी बसून हलक्या आवाजात स्वतः म्हणायचं, त्याच्या कानी पडेल इतपतच. त्यानं एकदा म्हटलं की गप्प राहायचं. तो मधेच दुसरं काही बोलला तरच पुन्हा. आठव्या शतकातले मोठे हदीस-विद्वान अब्दुल्लाह इब्न मुबारक यांच्या अंतकाळी एकजण सारखा कलमा म्हणायला लावू लागला. तेव्हा ते म्हणाले, मी एकदा म्हटलं आहे, दुसरं काही बोलत नाही तोवर मी त्यावरच आहे. ही हकीकत हदीस-संग्राहक तिर्मिजींनी नोंदवली आहे. गाऊन-मास्क घालून आलेला एक माणूस हे सहज करू शकतो. वॉर्डात कुणाला कळणारही नाही.

रुग्ण बेशुद्ध असेल तर काय उपयोग, असंही विचारतात. आम्हाला नर्सिंगमध्ये शिकवत की ऐकणं सगळ्यात शेवटी जातं, बेशुद्ध माणसापाशी भलतंसलतं बोलू नका. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रतिसाद न देणाऱ्या, मरणासन्न रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या, तेव्हा काहींचा मेंदू आवाजाची दखल घेताना दिसला. मे २०२१ मध्ये केरळमधल्या पट्टांबीच्या एका रुग्णालयात कोविडमुळे घरच्यांना आत येता येत नव्हतं. तिथल्या हिंदू डॉक्टरबाईंनी मरणाऱ्या मुस्लिम बाईच्या कानात स्वतः कलमा म्हटला. त्या दुबईत वाढलेल्या, त्यांना तो येत होता. वर्तमानपत्रांत वाचलं तेव्हा मी पीपीई किटमधल्या त्या दिवसांची आठवण येऊन खूप रडले.

आता माझ्या समाजाला. ज्यांचं माणूस व्हेंटिलेटरवर गेलं आणि जीभ हलली नाही, त्यांनी मनाला टोचणी लावून घेऊ नये. मक्केत छळ असह्य होऊन प्रेषितांचे सोबती अम्मार बिन यासिर यांच्या तोंडून ईमानाविरुद्ध, म्हणजे श्रद्धेविरुद्ध, शब्द निघाले, आणि कुरआनच्या नहल सूरतीत, म्हणजे अध्यायात (आयत १०६), ज्याचं मन ईमानावर ठाम आहे त्याला अशा सक्तीतून सूट दिली. जबरदस्तीनं उलटे शब्द काढले तरी ज्याचं ईमान जात नाही, त्याचं ईमान नळीमुळे बोलता आलं नाही म्हणून कसं जाईल? आणि मुनाफिकून सूरतीची पहिलीच आयत सांगते की ओठांनी साक्ष देणारे ढोंगी खोटे आहेत. आयुष्यभर नमाज पढलेल्या बाईचा कलमा तिच्याजवळ असतोच. तेव्हा मय्यतीच्या घरात तो प्रश्न विचारू नका. जिच्याकडे उत्तर नाही अशी सून ते दुःख वर्षानुवर्षं बाळगते.

रुग्णालयांनी दाखल करतानाच्या अर्जात एक ओळ वाढवावी: अखेरच्या वेळी कुणाला बोलवायचं. परिस्थिती हाताबाहेर गेल्याचं डॉक्टरांना कळतं, तेव्हा त्या एकाला आत घ्यावं. हृदय चालू करण्याची धडपड सुरू असेल तर अर्थातच बाहेर ठेवावं. येणं शक्य नसेल तर सिस्टरनं घरच्यांचा फोन रुग्णाच्या कानाशी धरावा, त्याला एक मिनिट लागतं. ही सोय फक्त आमच्यासाठी मागत नाही. गंगाजल आणि तुळशीपत्र घेऊन आलेली माणसंही मी दाराबाहेर थांबलेली पाहिली आहेत, आणि अखेरचा अभ्यंग द्यायला आलेले फादरही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं यासाठी एक परिपत्रक काढावं, खासगी रुग्णालयांनाही ते लागू करावं.

– एक निवृत्त परिचारिका, खेड (जि. रत्नागिरी)