मेळघाटाच्या पायथ्याच्या सोलरवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी घाईत तुमचे धड आभारही मानले नाहीत, ते मनाला लागून राहिलंय.

मे महिन्याची भर दुपार, परतवाड्याच्या अलीकडे रस्त्याला लागलेली आमची ट्रॅव्हलर, आणि आतला फ्रिज बंद. आईला सोबत नेता यावं म्हणूनच त्या गाडीचं आम्ही फिरतं घर करून घेतलं होतं. सोलर वाढवायला शहरातल्या एका दुकानात चांगले पैसे मोजले. त्यांनी ३३० वॅटचं नवं पॅनल चढवलं, पॅनलची वीज बॅटरीत सोडणारा कंट्रोलर मात्र जुना, साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचाच ठेवला. बॅटरी भरत नाही म्हणून तीनदा फोन केला, तर म्हणाले, ऊन कमी पडत असेल. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन! त्या उत्तराचा राग अजून गेला नाही.

तुम्ही शेतातले सौरपंप बसवणारे. आमच्या गाडीशी तुमचा काय संबंध? तरी हातातलं काम टाकून आलात. आणि पान्याला हात लावायच्या आधी विचारलंत, "फिरिजमध्ये काय हाये?" आईचं इन्सुलिन आहे म्हटल्यावर तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा ओला केला, डबी त्यात गुंडाळली आणि घरी पळालात. वहिनींनी दह्याचं गंज काढून जागा केली. "दारात ठेव वं, बर्फाजवळ नोको. गोठलं त बाद होते." हे तुमचं वाक्य आई रोज कुणाला ना कुणाला सांगते.

दोष काय तो तुम्ही लिंबाखाली मातीत काडीने लिहून दाखवलात. पॅनल ३७ व्होल्टवर चालणारं, जुना कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर ओढून आणतो. अँपियर तेच ९, म्हणजे ३३० वॅटमधले जेमतेम १२० हाती. जास्तीच्या व्होल्टचे अँपियर करून देणारा एमपीपीटी कंट्रोलर बसला आणि मीटरवर २१ अँपियर दिसले, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच हसलात. मजुरी मात्र हातात कोंबली तरी निम्मी परत केलीत.

अनोळखी माणसाच्या आईच्या औषधाची काळजी आधी करणारी माणसं आपल्या गावागावात आहेत, दादा. आम्ही त्यांच्याच भरवशावर फिरतो.

तुमचा दुपट्टा आमच्याच गाडीत राहिला. आईने धुऊन, घडी करून ठेवलाय. दिवाळीनंतर चिखलदऱ्याला जाताना द्यायला येतो.

तुमचा,
ट्रॅव्हलरवाला भाऊ, वर्धा